मौजे एस्पो येथील अंधार

मनुष्याने परदेशगमन कोणत्या ऋतूत करावे याविषयी अनुभवी प्रवाशांत क्वचितच एकमत होते. परंतु फिनलंडच्या बाबतीत ते आहे, आणि ते असे की, सूर्य रात्रीही धड मावळत नाही अशा जून महिन्यात तेथे जावे आणि तो दिवसाही धड उगवत नाही अशा नोव्हेंबरात आपापल्या घरी बसून त्या जूनची वर्णने वाचावीत. तथापि लेकीच्या बाळंतपणाची मुदत प्रवाशांच्या सोयीने ठरत नसल्यामुळे, सारी हयात महसूल खात्यात दप्तरे बांधण्यात व सोडण्यात घालवलेला हा सांगलीकर सपत्नीक, नोव्हेंबरच्या ऐन मध्यावर, हेलसिंकीच्या विमानतळावर उतरला आणि सायंकाळचे पाचही वाजले नसता बाहेर पसरलेला मिट्ट काळोख पाहून मनगटावरील घड्याळास दोष देऊ लागला. घड्याळ निर्दोष होते. साठ अंश उत्तर अक्षांशावरील त्या नगरीत त्या सुमारास सूर्यनारायण सकाळी सव्वाआठ उलटून गेल्यावर हजर होतात, दुपारी पावणेचारच्या सुमारास दप्तर गुंडाळून चालते होतात, आणि मधल्या वेळातही बहुधा ढगांआड रजेवरच असतात. इतकी सवलत आमच्या खात्यात कोणास मिळाल्याचे मला स्मरत नाही.

जावईबापूंचे बिऱ्हाड हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पो येथे. तेथे पोहोचताच माझ्यापुढे जो प्रश्न उभा राहिला तो धावण्याचा. धावणे हा माझा शौक नव्हे. तो माझ्या रक्तातील साखरेविरुद्ध डॉक्टरांनी काढलेला कायम स्वरूपाचा हुकूम आहे, आणि सांगलीस असताना आमराईच्या फेऱ्या मारून त्याची तामिली मी नियमाने करीत असतो. तेव्हा दुसऱ्याच दिवशी, स्थानिक वेळेनुसार सकाळी सात वाजता आणि स्थानिक उजेडानुसार मध्यरात्री, काळा स्वेटर, गडद निळी विजार, तपकिरी माकडटोपी आणि कोणत्या रंगाचा होता हे आता पत्नीसही न सांगता येणारा मफलर, अशा जाम्यानिम्यात मी दाराशी उभा राहिलो. हे सर्व रंग आमच्या कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या ‘मळखाऊ’ या एकाच गुणासाठी पसंत केले जातात. जो रंग मळ खातो तो प्रकाशही तितक्याच आवडीने खातो, हे मात्र कापडाच्या दुकानात कोणी सांगत नाही.

“बाबा, असे निघालात?” लेकीने आतून विचारले.

“का? टोपी आहे, मफलर आहे.”

“अहो, दिसणार नाही.”

“मला सगळे दिसते. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले आहेत.”

“तुम्हाला दिसेल हो. तुम्ही कुणाला दिसाल का?”

आता हा प्रश्न वरवर साधा वाटला, तरी आपल्याकडील बहुसंख्य पादचाऱ्यांच्या जीवनश्रद्धेवरच तो घाव घालतो. अंधाऱ्या रस्त्याने जाणाऱ्या माणसास समोरून येणाऱ्या मोटारीचे दिवे अर्ध्या कोसावरून, डोळे दिपतील इतके स्पष्ट दिसतात, आणि ज्याअर्थी मला ती एवढी दिसते त्याअर्थी तिला मीही तेवढाच दिसत असलो पाहिजे, असे अनुमान काढून तो निर्धास्तपणे रस्त्याच्या मध्यावर येतो. न्यायशास्त्राच्या दृष्टीने हा हेत्वाभास आहे. परंतु तो हेत्वाभास असल्याचे सिद्ध होते त्या वेळी अनुमान काढणारा बहुधा पंचनाम्याचा विषय झालेला असतो. वस्तुस्थिती अशी की, डिपरवर असलेल्या दिव्यांचा झोत मुद्दाम खाली, रस्त्यावर पाडलेला असतो, आणि त्यात गडद कपड्यांतील मनुष्य चालकास दिसतो तो जेमतेम पन्नास मीटरांवरून. ताशी ऐंशी किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला बावीस मीटर कापते. म्हणजे चालकाने पाहावे, हा कोण याविषयी मनाशी जाबजबाब घ्यावेत, ब्रेकवर पाय ठेवावा आणि गाडीनेही तो हुकूम मानावा, या सर्व कारवाईस मिळून सव्वादोन सेकंद मिळतात. आमच्या कचेरीत एवढ्या अवधीत टेबलावरील कागद कोणाचा, हेसुद्धा निश्चित होत नसे.

त्या देशाने यावर जो बंदोबस्त केला आहे, तो मोठा कौतुकाचा आहे. अंधारात रस्त्यावर फिरणाऱ्या पादचाऱ्याने अंगावर परावर्तक, म्हणजे ज्याला आपण रिफ्लेक्टर म्हणतो तो, बाळगावा असा तेथे कायदाच आहे. १९८२ साली तो वस्तीबाहेरच्या रस्त्यांना लागू झाला आणि २००३ पासून वस्तीतील रस्त्यांनाही. जावईबापूंनी ही माहिती दिली तेव्हा माझ्यातील निवृत्त अव्वल कारकून जागा झाला आणि मी सवयीने विचारले, “दंड किती?”

“दंड नाही.”

“मग पकडतात कोण?”

“कोणी नाही पकडत.”

“मग लोक हा कायदा पाळतात कशासाठी?”

जावईबापूंनी काही वेळ विचार केला. “गाडी अंगावर येऊ नये म्हणून,” ते म्हणाले.

ज्या कायद्यात दंड नाही, माफी नाही, अपील नाही आणि म्हणून तडजोडही नाही, असा कायदा केवळ त्यात लिहिलेल्या हेतूसाठी पाळला जातो, हे ऐकून मला जो विस्मय वाटला, तो पुढे थोर थोर हिमाच्छादित देखावे पाहूनही वाटला नाही. परंतु प्रत्यक्षास प्रमाणाची गरज नसते. बसथांब्यावर उभ्या असलेल्या प्रतिष्ठित गृहस्थांच्या महागड्या कोटाच्या खिशातून सेफ्टी पिनेला बांधलेली दोरी गुडघ्यापर्यंत लोंबत होती आणि तिच्या टोकाशी प्लास्टिकची एक चकती गरगर फिरत होती. म्हाताऱ्या बाईच्या हातातील पिशवीला एक चकती, बाबागाडीच्या दांड्यावर पट्टी, आणि एका गलेलठ्ठ कुत्र्याच्या अंगात तर चमकते जाकीट होते, व त्याच्या मुद्रेवर माझ्याविषयी स्पष्ट नापसंती होती. सकाळी बालवाडीतील मुले दोन-दोनच्या रांगेने निघाली, ती सगळी पिवळ्या जाकिटांत. आपल्याकडे एवढी पिवळी जाकिटे एका ठिकाणी दिसली म्हणजे रस्ता खणायला आले आहेत असे समजून लोक पाणी भरून ठेवतात.

ही लोंबती चकती निघाली कोठून याचा इतिहास मला फार जवळचा वाटला. पेर्तेली नावाच्या गावी आर्वी लेहती या नावाचे एक गृहस्थ होते, आणि त्यांनी हा परावर्तक मुळात माणसांसाठी केलाच नव्हता. तो होता त्यांच्या घोडागाड्यांसाठी, अंधारात मोटारीने मागून येऊन ठोकू नये म्हणून. माणसाच्या खिशाला तो नंतर लागला. म्हणजे ज्या क्रमाने शहाणपण आपल्याकडे आले त्याच क्रमाने ते तेथेही आले असे म्हणावयाचे. कारण आमच्या सांगली-साताऱ्याकडे गळीत हंगाम सुरू झाला की, कारखान्याच्या काट्यावर उसाच्या टायरगाड्या अडवून त्यांना मागून लाल रिफ्लेक्टर डकवण्याची मोहीम निघते, छायाचित्रे निघतात, आणि गाडीवान ते निमूटपणे लावून घेतो. मात्र पुढच्या खेपेला मोळ्यांवर वाढ्यांचा भारा असा काही रचला जातो की त्याचे शेंडे त्या लाल पट्टीवर पडद्यासारखे सुटतात, आणि मग पहाटे कारखान्याच्या रस्त्याला मागून येणाऱ्यास गाडी दिसत नाही, रिफ्लेक्टर दिसत नाही, दिसतो तो केवळ एक हलता, सळसळणारा अंधार. पूर्वी आसाखाली कंदील टांगलेला असे. त्याला निदान वास तरी होता.

या चकतीचा स्वभाव मोठा विलक्षण आहे. आरशावर प्रकाश तिरका पडला तर तो भलतीकडेच पाठवून देतो, जसा आमच्याकडे एका खात्याचा अर्ज दुसऱ्या खात्याकडे ‘योग्य त्या कारवाईसाठी’ जातो. परंतु या चकतीच्या पोटी एकमेकांस काटकोनात लावलेल्या तीन-तीन इवल्या पृष्ठभागांचे कोपरे असतात, आणि त्यांवर कोठूनही किरण पडला तरी तिन्हींवर आपटून तो जेथून आला तेथेच माघारी जातो. कापडी पट्टीत हेच काम काचेचे सूक्ष्म मणी करतात. परिणाम असा की, हे तेज ज्याच्या हाती दिवा आहे त्यालाच दिसते. ज्याने ते धारण केले आहे त्याला, आणि त्याच्या पत्नीला, ते एक करड्या रंगाचे सामान्य प्लास्टिक वाटते. उलट ते भडक पोपटी-नारिंगी कपडे, जे पाहून आपल्याला वाटते की हा मनुष्य आता चंद्रावरूनही दिसेल, त्यांची सारी ऐट उजेडावर आणि संधिप्रकाशावर चालते; रात्र पडली की त्यांतील बराचसा रुबाब सूर्याबरोबरच मावळतो.

माझ्या सजावटीचे काम पाच वर्षांच्या नातीने अंगावर घेतले. तिच्याजवळचा साळिंदराच्या आकाराचा परावर्तक तिने मोठ्या मनाने माझ्या खिशाला अडकवला, मला दाराबाहेरील अंधारात उभे केले आणि स्वतः आत राहून, आपल्या कपाळाशी विजेरी धरून, तपासणी सुरू केली. विजेरी डोळ्यांजवळच धरावी लागते, नाही तर परत आलेला प्रकाश दिसत नाही, हे तिला बालवाडीत शिकवले होते.

“आजोबा, पुढून पास. आता वळा.”

मी वळलो.

“मागून नापास.”

त्यानंतर घोट्यांना आणि मनगटांना पट्ट्या आल्या. छातीवर एक मोठा पट्टा असताना हे किरकोळ अलंकार कशाला, असा आक्षेप मी घेतला. त्यावर जावईबापूंनी शेजारच्या स्वीडनमधील उप्साला येथील प्रयोगाचा दाखला काढला. गुनार योहान्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७३ साली असे दाखवले की, काळोखात माणसाच्या सांध्यांवर केवळ काही ठिपके प्रकाशमान केले, आणि तो स्थिर उभा राहिला, तर पाहणाऱ्यास काहीच बोध होत नाही. पण तो चालू लागला की क्षणार्धात कळते, हा मनुष्य आहे. छातीवरचा पट्टा हा खांबही असू शकतो, फाटकही असू शकते. पण वरखाली होणारे दोन घोटे म्हणजे मनुष्यच. मला हा युक्तिवाद पटला. सरकारी नोकरीत उलट अनुभव होता. तेथे स्थिर राहिलेल्यांचीच नोंद चांगली होई.

आता उरला तो बाजूचा प्रश्न. पदपथ नसेल तेथे समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून धावावे, हा नियम जगभर शहाणे लोक सांगतात आणि आपल्याकडे त्यानुसार रस्त्याची उजवी बाजू धरावी लागते. परंतु त्या देशात वाहतूकच उजवीकडून चालत असल्यामुळे तोच नियम पाळण्यासाठी डावीकडे जावे लागते. आणि सत्तरीला टेकलेले पाय मेंदूचा आदेश येताच जुन्या वहिवाटीचा हवाला देऊन स्थगिती मिळवतात. अखेर वाहनांशी वाद नको म्हणून मी रानातील पायवाटेचा आश्रय केला. या पायवाटा म्हणजे त्या लोकांचे खरे वैभव: सूचिपर्णी झाडांतून गेलेली, पायाला मऊ लागावी म्हणून लाकडाचा भुसा अंथरलेली, आणि ठराविक अंतरावर खांब उभारून दिव्यांनी उजळलेली वाट, केवळ नागरिकांनी धावावे म्हणून. फक्त ते दिवे रात्री ठरलेल्या वेळी विझतात. खांबावर ती वेळ लिहिलेली होती; फिनिश भाषेत लिहिलेली असल्यामुळे मी ती सूचना केवळ आदराने पाहिली होती.

एका रात्री ते दिवे गेले तेव्हा मी बरोबर वाटेच्या दूरच्या टोकाला होतो. मळखाऊ रंगाच्या त्या अरण्यात डोळे अंधाराला पुरते सरावण्यास वीस-तीस मिनिटे लागतात असे शास्त्र सांगते; त्यांपैकी पहिली काही मी मारुतिस्तोत्राला दिली. तेवढ्यात दूरवर कपाळाला दिवा बांधलेला एक उंच पुरुष धावत येताना दिसला. माझे साळिंदर त्याला आधीच दिसले असावे, कारण माझे डोळे दिपू नयेत म्हणून त्याने बऱ्याच अंतरावरूनच दिव्याचा झोत जमिनीकडे वळवला, जवळ आल्यावर “मोई” एवढेच म्हणाला आणि पुढे गेला. दहा पावलांवर तो थांबला, मागे वळून पाहिले, आणि मग चालीपेक्षा किंचित वेगाने, माझी वाट पाहत पाहत, पुढे निघाला. त्याच्या पाठीवर एक लाल दिवा लुकलुकत होता, त्याच्या मागोमाग मी. वाटेत मी त्याला इंग्रजीतून माझे गाव, कृष्णा नदी, आयर्विन पूल, हळदीची पेठ, माझी सेवाज्येष्ठता आणि नवजात नातवाचे वजन इतकी माहिती दिली. त्यावर तो दोनदा “यो” म्हणाला. तेथील शिरस्त्याप्रमाणे हा दीर्घ संवाद झाला, असे जावईबापूंनी नंतर सांगितले.

जानेवारीत परत निघताना लेकीने बॅगेत ऊबदार मोजे आणि चॉकलेट यांच्याबरोबर एक पुडके भरून परावर्तक दिले. सांगलीस पोहोचलो तेव्हा उसाचा हंगाम ऐन भरात होता. एका पहाटे सांगलीबाहेरच्या रस्त्यावर उसाची टायरगाडी थांबवून, त्यांच्यातला सर्वांत मोठा, हिमकणाच्या आकाराचा परावर्तक मी गाडीवानाच्या हाती ठेवला, तीन पृष्ठभागांचे तत्त्व समजावले, आर्वी लेहतींचा सारा वृत्तांत सांगितला, आणि ही वस्तू मूळ गाडीसाठीच निघाली होती हेही आवर्जून सांगितले. त्याने ती उलटसुलट करून पाहिली, विजेरीच्या उजेडात चमकवली, आणि मग जुवाकडे एकवार पाहून म्हणाला,

“एकच व्हय काका? बैलं दोन हायती.”