दीड फुटी जमीनदार

सोसायटीच्या कंपाउंडची भिंत आणि पार्किंगचे पेव्हर ब्लॉक यांच्यामध्ये मातीची दीड फूट रुंद पट्टी उरते. बिल्डरने ती मुद्दाम सोडलेली नसते, त्याचे ब्लॉक संपलेले असतात. पुण्यातल्या कुठल्याही उपनगरात जा, ही पट्टी असते आणि तिला एक काका असतात.

काका निवृत्त होऊन महिना झालेला असतो. 'फोडणीत मोहरी आधी की हिंग' यावर मत दिल्यामुळे काकूंनी त्यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढलेलं असतं. मग एके सकाळी बर्म्युडा, युनियनच्या अधिवेशनात मिळालेली टोपी आणि हातात नवं कोरं खुरपं अशा थाटात ते खाली उतरतात. पहिल्याच घावाला खुरपं ठण्ण वाजतं. माती वरवरची, खाली सगळा राडारोडा! विटांचे तुकडे, टाइलचे टवके, घट्ट झालेलं सिमेंटचं पोतं, एखादी गवंड्याची थापी. काका थापी धुऊन ठेवतात. सेवेत असतानाही त्यांनी कधी टाचणी टाकली नव्हती.

त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलण्याचा एकच विषय उरतो. भिंतीतला चुना नि सिमेंट मातीत उतरतं, माती अल्कधर्मी होते, मग मोगऱ्याला लोह घेता येत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडून नुसत्या शिरा हिरव्या राहतात, हे त्यांनी कुरिअरवाल्यालाही समजावलेलं आहे. तो बिचारा बी विंग कुठे आहे एवढंच विचारत होता.

खरं तर त्यांचं चुकत काहीच नाही. भिंतीच्या आडोशाला वाऱ्याने तिरका आलेला पाऊस पोचत नाही, म्हणून भर जुलैत छत्री धरून झारीने पाणी घालणारा माणूस वेडा नसतो. वॉचमनला मात्र हे अजून पटलेलं नाही.

काकांचं खरं वैर सूर्याशी आहे. त्यांची पट्टी दक्षिणेकडच्या भिंतीला लागून. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, तेव्हा पट्टीवर लख्ख ऊन. त्या भरवशावर काका दसऱ्यासाठी झेंडू लावतात. दसऱ्यापर्यंत सूर्य दक्षिणेला सरकतो, म्हणजे भिंतीपलीकडच्या सोसायटीत राहायला जातो. झेंडू उन्हाच्या शोधात कमरेएवढे उंच होतात आणि फुलं मंडईतून आणावी लागतात. पुढच्या वर्षी त्या जागी अळू येतं. अळूला सावली चालते, शिवाय नळ गळका आहे. तो दुरुस्त करायचा ठराव काका दर सर्वसाधारण सभेत हाणून पाडतात.

दुसऱ्या बाजूला भिंत नाही, कोयनेलचं कुंपण आहे. तिथे कुंपणच शेत खातं, अगदी शब्दशः. कोयनेलची मुळं सदाफुलीचं पाणी, शेणखत, नीमपेंड सगळं ओढून घेतात. काकांनी मधे कडाप्प्याचे तुकडे उभे गाडले. मुळं थांबली, पण माळी थांबेना. कोयनेल कापायला पाय ठेवायला जागा लागते आणि ती सदाफुलीच्या डोक्यावरच सापडते. आता तिथे हातभर जागा मोकळी सोडलेली आहे. दीड फुटातून हातभर वजा केली की काय उरतं, हे काकांना विचारू नये.

फुलं चोरणारे पहाटे पाचला येतात, म्हणून काका साडेचारला उठतात. चोर म्हणजे चौथ्या मजल्यावरचे अत्यंत देवभक्त जोशी. त्यांच्याकडे आकडी आहे. दोघे एकमेकांना "लवकर उठलात!" म्हणतात आणि फिरायला निघाल्याचा देखावा करतात.

रुंदीला वाव नाही म्हटल्यावर काका उंचीकडे वळले. सुतळ्या ताणून त्यांनी भिंतीवर घोसाळ्याचा वेल चढवला. वेल कृतघ्न निघाला. खत-पाणी इकडचं खाल्लं, भिंत ओलांडली आणि ऊन असलेल्या बाजूला जाऊन लगडला. पलीकडेही अशीच एक पट्टी आहे, हे सांगायला नको. तिचेही एक काका आहेत. या दोघांनी एकमेकांचा चेहरा अजून पाहिलेला नाही, सगळा व्यवहार भिंतीवरून आवाजाने चालतो.

"अहो, आमची घोसाळी आलीयत का तिकडे?"

"पाच आलीयत. दोन टाकतो, झेला."

"आणि तीन?"

"जागेचं भाडं!"