आमसुलाची व्होडका: काटकसरी गृहस्थांसाठी मार्गदर्शक सूचना

घरच्या घरी फळांची व्होडका करू इच्छिणाऱ्याने सर्वप्रथम आपलं वय तपासावं. महाराष्ट्रात वाईनला २१ वर्षं पुरतात, व्होडकेला २५ लागतात. त्यानंतर परवाना. आपल्याकडे दारू पिण्याचा आणि बाळगण्याचाही परवाना असतो, ही गोष्ट पिणाऱ्यांनाच सर्वांत कमी ठाऊक असते. विदेशी मद्याचा एका दिवसाचा परवाना ५ रुपये, वर्षाचा १००, आजीवन १०००. काटकसर इथूनच सुरू होते. एका दिवसाच्या परवान्यात बरणीतल्या व्होडकेची पाचवीसुद्धा पुजून होत नाही, तेव्हा तो घेऊ नये. आजीवन परवाना दहा वर्षांत वसूल होतो, पण त्यासाठी यकृताचंही सहकार्य हवं. वर्षाचा घ्यावा.

एक गोष्ट गंभीरपणे: आपण दारू तयार करत नाही आहोत. विकत आणलेल्या दारूत फळ भिजवतो आहोत. प्रेशर कुकरला नळी लावण्याची ज्याला हौस आहे त्याने हे मार्गदर्शन इथेच मिटावं. तो गुन्हा आहे, आणि मिथेनॉलने आधी डोळे जातात.

आता खर्चाची मुख्य बाब. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मिती मूल्याच्या तिपटीवरून साडेचार पटीवर नेलं आणि १८० मिलीची किमान किंमत २०५ रुपये ठरली. त्या हिशेबाने खंब्याला साडेआठशे धरून चालावं. याच टप्प्यावर गोव्याहून बाटली आणण्याचा विचार मनात येतो. तो येऊ द्यावा आणि जाऊ द्यावा. ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ असं ठसठशीत छापलेली बाटली पिशवीत ठेवून इन्सुलीच्या नाक्यावर निरागस चेहरा करणं सर्वांना साधत नाही, आणि साधलं नाही तर वाचलेल्या पैशांच्या कैक पट पैसे जातात.

दुकानात अगदी खालच्या फळीवरची व्होडका घेऊ नये. फळाने तिचा जहालपणा झाकला जातो हा गैरसमज आहे. जहालपणा राहतोच, फक्त त्याला रंग येतो. स्वस्त व्होडका कोळशाच्या वॉटर फिल्टरमधून चार वेळा काढली की महाग होते, असं सांगणारा एक मित्र प्रत्येकाला असतो. कार्ट्रिजची किंमत विचारून त्याला गप्प करावं. उंची व्होडकाही नको. तिचे पैसे ज्या स्वच्छ, सौम्य चवीसाठी मोजायचे, तीच चव आपण फळ घालून घालवणार. मधली फळी बरी. मराठी माणसाला ती शोधावी लागत नाही.

बरणी काचेची हवी. प्लास्टिकचा डबा मुळीच नको. कॉफीची किंवा जॅमची मोठी बाटली उत्तम. लोणच्याची बरणी मोहात पाडते, कारण ती घरात असते आणि फुकट असते. पण तेलात मुरलेले वास अल्कोहोल फार तत्परतेने ओढून घेतं. तीनदा घासून, उन्हात वाळवून, नाकाने तपासून पास झालेली बरणीही झाकणाच्या रबरात हिंग दडवून असते. मग आठवड्याने जे तयार होतं त्याला व्होडका म्हणावं की कैरीचा खार, यावर पाहुण्यांत दोन तट पडतात.

फळाची निवड हा या विद्येतला सर्वांत नाजूक भाग. हापूस घालू नये. चवीचा प्रश्न नाही, पण घरातल्या वडीलधाऱ्यांना ते कळलं तर पुढचं बोलणं वकिलामार्फत करावं लागेल. केळ्याचा लगदा होतो. फणस गऱ्यापुरता थांबत नाही, तो जिन्यापर्यंत जातो. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी दिसायला देखणी, आणि थर्टी फर्स्टच्या सुमारास बाजारातही असते, पण तिच्यात नव्वद टक्के पाणी. ७५० मिली व्होडका ४२.८ टक्क्यांची, म्हणजे तिच्यात सुमारे ३२१ मिली शुद्ध अल्कोहोल. त्यात ३०० ग्रॅम स्ट्रॉबेरी टाकली की फळातलं पाणी बाहेर येतं, दारू आत शिरते आणि दोन्हीकडे तीस-बत्तीस टक्क्यांवर समझोता होतो. चाळणीत उरलेल्या फोडी म्हणजे तुमच्याच पैशांची दारू. फेकवत नाहीत, आणि ‘फळंच तर आहेत’ म्हणून वाटताही येत नाहीत. त्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

संत्र्याची साल फुकटात पडते म्हणून अनेकांचा तिच्यावर डोळा असतो. साल घ्यावी, पण आतला पांढरा भाग सुरीने खरवडून काढावा. कडवटपणा त्यातच असतो आणि नागपुरी संत्र्यात तो भरपूर निघतो. दोन-तीन दिवसांत साल बाहेर काढावी. पोलंडमध्ये नालेफ्का म्हणून अशीच फळं महिनोन्‌महिने मुरवत ठेवतात. त्यांच्याकडे थंडी आहे आणि तळघरं आहेत, आपल्याकडे वन बीएचके आहे.

सगळा विचार करता काटकसरी माणसासाठी आमसूल हेच फळ. ते वाळलेलं असतं, त्यामुळे दारूत पाणी मिसळत नाही. बारा महिने मिळतं. मूठभर पुरतं. आणि कोकणातून कोणीतरी दर मे महिन्यात किलोभर आणून देतंच. मात्र त्यावर मिठाचे कण दिसले तर ते आमटीसाठी ठेवावं. कोकमाचं आगळ तर ओतूच नये, त्यात मीठ असतंच. खंब्यातली व्होडका बरणीत ओतावी, दहा-बारा आमसुलं टाकावीत, ती पूर्ण बुडालेली असावीत. रंग काही तासांत जांभळट लाल होतो आणि तिथेच माणूस फसतो. रंग आला म्हणजे चव आली नाही. तीन दिवस थांबावं आणि रोज चमचाभर चाखावी. चमचा पोह्यांचा असावा, भाताचा नव्हे. हिरवी मिरची घालायची असेल तर एकच, उभी चिरून, आणि संध्याकाळी घातलेली रात्री जेवणाआधी काढावी. ती सकाळपर्यंत राहिली तर पुढचा कार्यक्रम रद्द समजावा. शेवटी चक्क्याच्या फडक्यातून गाळावी. फडकं लाल होईल. त्याचं स्पष्टीकरण आधीच तयार असावं.

बरणी अंधारात ठेवायची असते. यासाठी माळ्यावर गणपतीच्या मखरामागची जागा सोयीची वाटते, कारण वर्षातले साडेतीनशे दिवस तिकडे कोणी फिरकत नाही. भाद्रपदात मात्र ही योजना कोलमडते. त्यापेक्षा बरणीवर स्वच्छ अक्षरात नाव आणि तारीख लिहावी. ‘काढा’, ‘सरबत’ असली चिठ्ठी लावणं धोक्याचं आहे. उन्हातून आलेल्या आत्याबाईंना तुमच्या आधी कोणीतरी सरबत विचारतं.

हिशेब मांडताना व्होडका, आमसुलं, फडकं आणि परवाना एवढंच धरावं. दुकानात तयार फळाच्या स्वादाची बाटली जवळपास त्याच किमतीला मिळते, ही नोंद वहीत करू नये. तिच्याबद्दल पाहुण्यांना ‘घरी केलीय’ म्हणता येत नाही, आणि आपल्याकडे या दोन शब्दांनंतर ग्लास परत करण्याची पद्धत नाही. बर्फ, सोडा, चिमूटभर जिरेपूड, बस्स.

राहिली भिजून फुगलेली आमसुलं. ती आमटीत किंवा सोलकढीत घालू नयेत, निदान सासरची मंडळी जेवायला असताना तरी. पितृपक्षात आमसुलाची चटणी लागते म्हणून काही जण ती फ्रीजमध्ये जपून ठेवतात. आजोबा शौकीन होते, चटणीला हा वास आला तर कावळा ताटकळत ठेवणार नाही, असा युक्तिवाद धाकट्या काकांकडून हमखास येतो. तो फेटाळावा. गुरुजी पानावर बसलेले असतात.