दुखणे कोणाच्या हद्दीतले?

दिंडोशीला एका अंगाने संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे रान भिडलेले, दुसऱ्या अंगाने चित्रनगरीचे नकली महाल आणि मध्ये शहर दिवाणी व सत्र न्यायालयाचा बोरिवली विभाग. अशा मुलखात, जिथे बिबट्या, नट आणि फिर्यादी या तिघांचीही वहिवाट सारखीच जुनी, तिथे कशाचेही नवल वाटू नये हे खरे असले, तरी आमच्या वसाहतीतील एका कुटुंबाने ते वाटायला लावले आहे. त्या कुटुंबात एक आजी सोडल्या तर झाडून सारे वैद्यकीय पेशात आहेत. आडनाव सांगत नाही. एक तर ते शिष्टसंमत नव्हे. आणि दुसरे, गोकुळधामपासून कुरारपर्यंत अशी घरे आता इतकी झाली आहेत की वाचकाने आपल्याच मजल्यावरील पाट्या वाचाव्यात, म्हणजे काम भागेल.

एका घरात अनेक डॉक्टर निपजणे यात तसे अपूर्व काही नाही. ग्रँट मेडिकल कॉलेजची पहिली तुकडी 1851 साली बाहेर पडली, तीत भाऊ दाजी होते, आणि त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजी हेही त्याच वाटेने डॉक्टर झाले. अमेरिकेतील कॅन्सस प्रांतात टोपेका गावी मेनिंजर नावाच्या बापलेकांनी मिळून मनोरुग्णांसाठी इस्पितळ चालवले, तेही प्रसिद्धच आहे. परंतु भाऊ दाजींच्या घरी दोघांचे शास्त्र एक होते, आणि मेनिंजरांच्या घरी दोन शास्त्रे असली तरी इस्पितळ घराबाहेर होते. आमच्या या कुटुंबात शरीर आणि मन अशी दोन स्वतंत्र खाती एकाच छपराखाली, त्यातही एकाच जेवणाच्या टेबलावर, उघडलेली असल्यामुळे कोणते दुखणे कोणाच्या हद्दीत मोडते हा वाद तिथे कायमचा दाखल आहे, आणि त्याला तारखांवर तारखा पडत आहेत.

कुटुंबप्रमुख, ज्यांना सारी वसाहत ‘मोठे डॉक्टर’ म्हणते, ते के.ई.एम.मधून एम.बी.बी.एस. होऊन, मृणाल गोरे आणि बाबुराव सामंत यांच्या नागरी निवारा परिषदेने जी घरे सामान्य माणसांसाठी झगडून उभी केली त्यांच्या आसऱ्याने, या भागात दवाखाना थाटून बसले. त्यांचा स्वभाव मितभाषी, अक्षर अगम्य आणि निदान बहुधा अचूक. त्यांची एकच गंमत आहे. काही रोग्यांचा रक्तदाब केवळ समोर पांढरा डगला दिसल्यामुळे चढतो, म्हणून अशांनी तो घरी स्वस्थ बसून मोजावा असे वैद्यकशास्त्र सांगते, आणि मोठे डॉक्टरही रोज दहाजणांना हेच बजावतात. पण त्यांनी स्वतःचा कुठे मोजावा? घरी पट्टा बांधायला पत्नी, कळ दाबायला मुलगा आणि ‘आकड्याकडे पाहून काय वाटलं, बाबा?’ असे विचारायला सूनबाई. त्यामुळे त्यांचा खरा रक्तदाब किती, हे आजतागायत कोणालाही कळलेले नाही.

डॉक्टरीणबाई पॅथॉलॉजिस्ट आहेत. त्यांच्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण त्या स्वतःही लेखी पुराव्यावाचून काही बोलत नाहीत.

थोरले चिरंजीव मनोविकारतज्ज्ञ झाले तेव्हा वसाहतीत थोडी कुजबुज झाली होती. मुंबईकराच्या तोंडी ‘याला ठाण्याला पाठवा’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या आहे. 1901 पासून तिथे असलेल्या मनोरुग्णालयाने त्या शहराला ही बदनामी विनाकारण चिकटवली, आणि हा बुद्धिमान मुलगा आपण होऊन ती वाट धरतो आहे याचे शेजारच्या काकांना मनस्वी दुःख झाले. पुढे त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मध्ये काढलेल्या आय.पी.एच. या मानसिक आरोग्याच्या संस्थेच्या एका व्याख्यानाला हेच काका नातवाच्या दहावीनिमित्त जाऊन बसले, आणि आता ते ‘ताण’ हा शब्द भाजीवालीशी बोलतानादेखील वापरतात. काळ बदलतो तो असा.

सूनबाई चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ. नवरा गोळी लिहून देऊ शकतो, त्यांना ते अधिकार नाहीत. उलट रोग्याचे तासभर ऐकून घेण्याची सवड त्यांच्याकडे आहे, ती नवऱ्याकडे नाही. कायद्याने आखलेली ही सीमारेषा त्या दांपत्याच्या संसारातही तंतोतंत पाळली जाते, म्हणजे भांडण झाले तर एकजण तासभर बोलतो आणि दुसरा शेवटी झोपेची भाषा काढतो. नात्यातल्या माणसांवर उपचार करू नयेत असा त्यांच्या व्यवसायाचा दंडक आहे, आणि सूनबाई तो नित्य उच्चारतात. फक्त उच्चारून झाल्यावर लगेच ‘पण एक निरीक्षण म्हणून सांगते’ असे म्हणून त्या जे सांगतात, त्याला उपचारच म्हणावे लागते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. खुद्द फ्रॉइडसाहेबांनी पोटच्या मुलीचे, ॲनाचे, मनोविश्लेषण केले होते, आणि तीही पुढे त्याच पेशात नामांकित झाली. मूळ पीठच जिथे नियमभ्रष्ट, तिथे दिंडोशीच्या शाखेकडून काय अपेक्षा करणार?

या वादाची एक सुनावणी मी प्रत्यक्ष पाहिली आहे. रविवारची दुपार होती, मी दिवाळी अंक परत करायला गेलो होतो, आणि आजी सोफ्यावर बसून एवढेच म्हणाल्या, “पोटात कसंसंच होतंय गं.”

हे निरुपद्रवी वाक्य बाहेर पडताच सगळ्या खात्यांची दप्तरे एकदम उघडली. मोठ्या डॉक्टरांनी प्रथम ईसीजी काढला, आणि ते योग्यच होते, कारण म्हाताऱ्या माणसांत हृदयाचे दुखणे पुष्कळदा पोटाचे सोंग घेऊन येते. पट्टी निर्दोष निघाली. डॉक्टरीणबाई रक्त घेण्याची सुई शोधू लागल्या. थोरल्याने गंभीर मुद्रेने निवेदन केले, की आजीची धाकटी बहीण गेल्या महिन्यात वारली, तेव्हा हे दुःखच पोटावाटे बोलत असावे. त्यावर सूनबाईंनी हरकत घेतली. दुःख हा आजार नव्हे, त्याला आजार ठरवू नका, असे नवऱ्याला बजावून त्या आजींच्या पायाशी बसल्या, त्यांचा हात हाती घेतला आणि अत्यंत मृदू स्वरात म्हणाल्या, “आजी, ‘कसंसंच’ म्हणजे नेमकं काय वाटतंय तुम्हाला? आपण त्या भावनेला एक नाव देऊ या का?”

“नाव कसलं द्यायचं?” आजी म्हणाल्या. “बारसं आहे का?”

मग त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, चिमूटभर ओवा आणि सैंधव तळहातावर चोळून तोंडात टाकला, वर कोमट पाणी प्यायल्या, आणि थोड्या वेळाने अशी दणदणीत ढेकर दिली की प्रकरण निकाली निघाले. मूळ कारण, सकाळच्या वालाच्या उसळीची दुसरी वाढ, हे त्यांना आरंभापासूनच ठाऊक होते. पण एवढ्या तज्ज्ञांनी विचारूनही ‘काय खाल्लंत?’ हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. बहिणीसाठी त्या रात्री रडतात हेही मला नंतर कळले. ते त्यांनी एकट्या सूनबाईंना सांगितले होते, आणि त्या वेळी सूनबाईंनी भावनेला नाव वगैरे न देता नुसते पांघरूण सारखे केले होते म्हणे.

वसाहतीने या कुटुंबाचा उपयोग करून घेतला नसता तरच नवल. लिफ्ट हा त्यांचा खरा बाह्यरुग्ण विभाग. तळमजल्यापासून सातव्या मजल्यापर्यंत जेवढा वेळ लागतो तेवढ्यात गुडघे, मूळव्याध, सुनेशी न पटणे आणि मुलाचे मोबाइल-वेड अशा चार तक्रारी मोफत गुदरल्या जातात. चित्रनगरीच्या मालिकांतील डॉक्टर शस्त्रक्रियागृहाबाहेर येऊन, मुखपट्टी काढून, मान हलवतो, तसे काहीतरी खऱ्या डॉक्टरांनीही करावे अशी काही बायकांची अपेक्षा असते. मोठे डॉक्टर फक्त ‘दवाखान्यात या’ म्हणतात, म्हणून ते घमेंडखोर ठरले आहेत.

आणि तरीही, 2020 च्या टाळेबंदीत जेव्हा या भागातील वस्त्यांवर बांबूंचे अडसर पडले आणि कित्येक दवाखान्यांना टाळी लागली, तेव्हा मोठ्या डॉक्टरांचा दवाखाना सकाळ-संध्याकाळ उघडा होता, थोरला इस्पितळातून आठ-आठ दिवस घरी येत नव्हता, आणि सूनबाई गॅलरीत खुर्ची टाकून, अनोळखी माणसांशी रात्री उशिरापर्यंत फोनवर बोलत होत्या. त्या काळात हद्दीचा वाद एकदाही निघाला नाही.

तेव्हा दिंडोशीत घर घेण्याचा विचार असलेल्यांना माझी शिफारस अशी, की अशा कुटुंबाच्या मजल्यावर मिळत असेल तर दोन पैसे जास्त मोजूनही तेच घ्यावे. मात्र लिफ्टमध्ये सूनबाई भेटल्या आणि त्यांनी हसून ‘कसं काय?’ असे विचारले, तर ‘उत्तम’ म्हणावे, ‘ठीक आहे’ म्हणू नये. नाहीतर सातवा मजला आला तरी बाहेर पडता येत नाही.