वॉरंटीत बसत नाही

महागड्या गाडीची वॉरंटी म्हणजे गाडी बिघडणार नाही असे आश्वासन नव्हे. गाडी बिघडल्यावर दोष कोणाचा हे ठरवण्याचा अधिकार विकणाऱ्याने स्वतःकडे ठेवल्याची ती पावती असते. पावतीची मुदत सहसा दोन-तीन वर्षे असते, काही कंपन्या ती पाचपर्यंत ताणतात. किलोमीटरची मर्यादा नसेल तर ती गोष्ट जाहिरातीत ठळक छापतात. बारीक छापलेला मजकूर मालकाच्या पुस्तिकेत असतो, पुस्तिका डॅशबोर्डाच्या खणात चामडी पाकिटात असते, आणि पहिला बिघाड होईपर्यंत तिच्या पानांचा कोरा वास कायम राहतो.

गाडी घेणे आणि गाडी दुरुस्त करून घेणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. पहिलीत महाराष्ट्र मागे नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, मंडळींनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज एकाच सौद्यात घेतल्या आणि ती बातमी देशभर गाजली. सौदा दीडशे जणांना मिळून करता येतो. वर्कशॉपमध्ये गाडी लावायला मात्र मालक एकटाच जातो.

तिथे नकाराची सुरुवात कॉफीने होते. छोट्या गाडीच्या मालकाला बाकड्यावर बसवून ‘नाही होणार’ असे दोन शब्दांत सांगतात. साठ-सत्तर लाखांच्या गाडीच्या मालकाला लाउंजमध्ये बसवतात, साखर किती घालू ते विचारतात, आणि तेच दोन शब्द सांगायला तीन आठवडे घेतात. गाडीच्या किमतीत जो सेवेचा भाग धरलेला असतो, तो हाच.

पहिला कागद जॉब कार्डाचा. मालक सांगतो, ‘गिअर बदलताना दणका बसतो.’ सर्व्हिस अॅडव्हायझर लिहितो, ‘ग्राहकास जर्क फील होतो.’ या एका ‘फील’ने बिघाड गिअरबॉक्समधून निघून मालकाच्या मनात जातो, आणि मनाची वॉरंटी कोणी दिलेली नसते. गाडीला संगणक जोडून एरर कोड पाहतात. कोड निघाला नाही तर दणका हे ‘या मॉडेलचे वैशिष्ट्य’ ठरते. निघाला तर मामला ‘जर्मनीला कळवला’ जातो. गाडीची जुळणी चाकणला किंवा शेंद्र्याला झालेली असली तरी तिचा दोष परदेशातच सिद्ध व्हावा लागतो. जुळणीसाठी सुटे भाग पेट्यांतून आले, तशीच मंजुरीही यायची असते. फक्त तिची पेटी कुठे अडकली हे कोणाला सांगता येत नाही.

मंजुरी न येण्याच्या कारणांत झीज हे सर्वांत जुने आणि सर्वांत निरुत्तर करणारे. ब्रेक पॅड, वायपर, क्लच हे झिजायचेच. टायर आणि बॅटरी यांची वॉरंटी त्यांच्या त्यांच्या उत्पादकांची असते; त्यामुळे एका गाडीचा मालक प्रत्यक्षात तीन-चार कंपन्यांचा अर्जदार असतो. उंदराने कुरतडलेली वायर ‘बाह्य कारणां’त मोडते. पार्किंगमधल्या उंदराला गाडीची किंमत कळत नसल्यामुळे हे कारण श्रीमंत आणि मध्यमवर्गीय दोघांना सारखेच लागू पडते.

पण खरे समृद्ध कारण म्हणजे पाणी. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले जाते. पाणी दाबले जात नाही. हवा खेचण्याच्या नळीतून पाणी आत गेले की पिस्टन वर येताना अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जाम होते. यालाच हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा हा शब्द अनेकांनी पहिल्यांदा ऐकला. आता हिंदमाता किंवा अंधेरी सबवेचे नाव काढले तरी तो आठवतो. वर्कशॉपमधला प्रश्न फार साधा असतो: ‘पाण्यात बंद पडल्यावर परत स्टार्ट मारला होता का?’ मारला होता म्हटले तर चूक चालकाची. नाही म्हटले तर गाडीचा संगणक विचारला जातो, आणि तो मालकाच्या बाजूने बोलल्याचे उदाहरण विरळा. मालक मग विम्याकडे वळतो. तिथला सर्व्हेअर सांगतो की आसने भिजली ती पॉलिसीत बसतात, इंजिन हे मात्र ‘परिणामी नुकसान’ आहे, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचे जादा कलम घ्यायला हवे होते. पाऊस कंपनीचा नाही, इंजिन विमा कंपनीचे नाही आणि रस्ता पालिकेचा असला तरी त्यावरचे पाणी पालिकेचे नाही.

इंधनाचे कारण अलीकडे तेजीत आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०३० वरून २०२५ वर आणले आणि वेळेत गाठलेही. काही वर्षांपूर्वीच्या गाड्यांच्या पुस्तिका मात्र अजून १० टक्क्यांवरच आहेत. इथेनॉलचा एक मोठा स्रोत ऊस. आपल्याच कारखान्याच्या डिस्टिलरीतला माल आपल्याच गाडीच्या इंजेक्टरला बाधला, अशी पाळी एखाद्या चेअरमनसाहेबांवर आली, तर वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत तो विषय कितव्या क्रमांकावर घ्यावा याबद्दल पोटनियमांत काही सापडत नाही.

उरते ते ‘बाहेरचे काम’. कोपऱ्यावरच्या गॅरेजात एक दिवा बदलला म्हणून गिअरबॉक्सची वॉरंटी गेली, हा युक्तिवाद अजूनही ऐकू येतो. स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना सुट्या भागांची बाजारपेठ अडवून धरल्याबद्दल मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, बाहेरच्या सदोष कामाने जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असेही बजावले. हा आदेश लाउंजमधल्या गुळगुळीत मासिकांत ठेवलेला नसतो.

इथवर सर्व नकार तोंडी असतो. तो लेखी मागितला, सोबत एरर कोडांची प्रत आणि वॉरंटीतले नेमके कलम मागितले, की समोरचा आवाज बदलतो आणि ‘गुडविल’ हा शब्द प्रथमच उच्चारला जातो. गुडविल म्हणजे आपला दोष नसताना केवळ स्नेहापोटी कंपनीने सुट्या भागांच्या खर्चातला काही वाटा उचलणे. मजुरी मालकाची. लेखी मागणी केल्याशिवाय हा स्नेह उचंबळत नाही.

स्नेह पुरेसा न वाटल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करायची, आणि मालक राहतो तिथे करता येते. कुठल्या ग्राहक आयोगापुढे, हे गाडीसाठी मोजलेल्या रकमेवर ठरते: ५० लाखांपर्यंत जिल्हा, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य, त्याहून महाग गाडीला थेट दिल्ली. ५० लाख ते १ कोटीच्या तक्रारीचे शुल्क २,००० रुपये आहे. अशा गाडीच्या वायपरच्या जोडीला याहून जास्त पडतात. निकाल शक्यतो तीन महिन्यांत, तांत्रिक तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा, असे कायदा म्हणतो. ‘शक्यतो’ या शब्दावर देशातील बराच वकीलवर्ग उदरनिर्वाह करतो.

गाडी कंपनीच्या नावावर असेल तर आणखी एक अंक रंगतो. आयकर खात्यापुढे ती धंद्यासाठी असते, कारण घसारा मिळवायचा असतो. आयोगापुढे ती कुटुंबासाठी होते, कारण व्यापारी हेतूने घेणारा कायद्याने ग्राहक नसतो. जुलै २०२४ मध्ये, पायाशी असलेला मधला उंचवटा तापणाऱ्या एका जर्मन गाडीच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने संचालकाच्या वापरासाठी कंपनीने घेतलेली गाडी म्हणजे व्यापारी हेतू नव्हे, असे मान्य केले. तेव्हापासून एकाच गाडीला दोन्ही भूमिका उजळ माथ्याने करता येतात.

दोष सिद्ध झाला तरी नवी गाडी मिळेलच असे नाही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की वॉरंटी सदोष भाग बदलण्याची असेल तर भागच बदलून मिळेल, गाडी नव्हे. दुसरीकडे २०२२ मध्ये एअरबॅग न उघडल्याच्या प्रकरणात न्यायालयाने, ग्राहकाने वेग आणि आघाताची गणिते मांडणारा भौतिकशास्त्रज्ञ असण्याची अपेक्षा नाही, असे सुनावले. या दोन निकालांच्या मधल्या जागेत तज्ज्ञांचे अहवाल राहतात. अमेरिकेत वारंवार बिघडणाऱ्या नव्या गाडीला ‘लिंबू’ म्हणतात, आणि १९८२ पासून तिथल्या राज्यांनी तिच्यासाठी वेगळे कायदे केले. भारतात असा कायदा नाही. येथे लिंबू पहिल्याच दिवशी चाकाखाली ठेवून विषय संपवलेला असतो.

चिकाटीची कमाल पाहायची तर हैदराबादेतले प्रकरण आहे. सप्टेंबर २००९ मध्ये एका कंपनीने घेतलेली जर्मन गाडी चार दिवसांत बिघडली, आणि वाद फौजदारी फिर्यादीपर्यंत गेला. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने नवी गाडी द्यायला सांगितले. उत्पादक तयार झाला, पण खरेदीदाराला आता गाडी नको, व्याजासह पैसे हवे होते. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाला ५० लाख रुपये द्यायला सांगून प्रकरण मिटवले.

दावा चालू असताना गाडी सहसा वर्कशॉपच्या मागच्या आवारात, कव्हराखाली उभी असते. काही महिन्यांत तिची बॅटरी उतरते. ती बाब बॅटरीच्या उत्पादकाकडे मांडावी लागते. पावसाळ्यानंतर वायरिंग कुरतडलेले आढळते. हे बाह्य कारण असल्याने एस्टिमेट वेगळे काढले जाते आणि ते मालकाला नम्रपणे मेल केले जाते.