विकलेला संघ बदलून मिळेल

भारतातल्या हॉकी लीगचा इतिहास लक्षात ठेवायला फार सोपा आहे. चषक जिंकायचा, कागदाच्या चमकत्या कपट्यांत फोटो काढायचा आणि जर्सी धुवायला टाकायची. ती इस्त्री होऊन येईपर्यंत संघ राहत नाही.

कुणाला ही चेष्टा वाटत असेल तर हिशोबच मांडू. २००५ साली प्रीमियर हॉकी लीग निघाली. तेव्हापासून २०१७ पर्यंत तीन निरनिराळ्या लीगनी मिळून दहा विजेतेपदं वाटली. हैदराबाद सुलतान्स, बंगळूर लायन्स, ओरिसा स्टीलर्स, बंगळूर हाय-फ्लायर्स, मग २०१२ च्या वर्ल्ड सिरीज हॉकीत शेर-ए-पंजाब, मग हॉकी इंडिया लीगमध्ये रांची ऱ्हायनोज, दिल्ली वेव्हरायडर्स, रांची रेज, जेपी पंजाब वॉरियर्स आणि कलिंग लान्सर्स. चषक दहा, नावं दहा. त्या तेरा वर्षांत एकाही नावाने दुसऱ्यांदा चषक उचलला नाही. बंगळूर दोनदा दिसतं खरं, पण २००६ साली जे सिंह होते त्यांना २००८ पर्यंत पंख फुटलेले होते. इतर खेळांत विजेता आपलं पद राखायला उतरतो. आपल्याकडे आधी त्याला आपलं नाव तरी राखता येतंय का, तेवढं बघावं लागतं.

रांचीची गोष्ट तर पाठ्यपुस्तकात घालावी अशी. २०१३ साली हॉकी इंडिया लीगचा पहिलाच चषक रांची ऱ्हायनोजने जिंकला, अंतिम सामन्यात दिल्लीला २-१ असं हरवून. झारखंडात गेंडा कुठे सापडतो हे वनखात्याने अजून जाहीर केलेलं नाही, पण ते असो. २०१५ चा हंगाम आला तोवर गेंडा जंगलात परत गेला होता आणि त्याच शहरात सहारा आणि महेंद्रसिंग धोनी यांच्या मालकीचे रांची रेज उभे होते. मालक नवे, बोधचिन्ह नवं, कपडे नवे. त्यांनीही चषक जिंकला. म्हणजे रांचीकरांनी तीन वर्षांत दोन चषक पाहिले आणि दोन्ही वेळा नव्या दुकानातून नव्या जर्सी घेतल्या. आता तिथे रांची रॉयल्स आहेत. तिन्ही नावं ‘र’ने सुरू होतात. यामागे छपाईचा खर्च वाचवण्याचा काही विचार असावा असा माझा अंदाज आहे.

नावं ठेवणाऱ्या मंडळींचं प्राणिशास्त्र आणि भूगोल हा वेगळाच विषय आहे. चेन्नई चीताज हा संघ २०१२ साली मैदानात उतरला, तेव्हा आपल्या देशातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर होऊन साठ वर्षं झाली होती. समुद्रापासून शेकडो मैलांवर असलेल्या दिल्लीत वेव्हरायडर्स होते. यमुनेवर फेस येतो, लाटा येत नाहीत. नंतर कळलं की लाटा नदीच्या नव्हत्याच, मालकांच्या उद्योगसमूहाचं नावच वेव्ह होतं. ‘विझार्ड्स’ आधी दिल्लीत होते, पुढच्याच वर्षी दुसऱ्या लीगमध्ये ते उत्तर प्रदेशात प्रकटले. ध्यानचंदांना हॉकीचे जादूगार म्हणतात, म्हणून जो उठतो तो जादूच्या मागे लागतो. मुंबईनेही मॅजिशियन्स काढले, आणि जादूचा एक प्रयोग मात्र त्यांनी अस्सल करून दाखवला. दोन हंगामांनंतर सगळेच्या सगळे अदृश्य झाले.

महाराष्ट्राची कथा इथून सुरू होते. चषकांचा इतिहास आपल्याला नाही, कपड्यांचा मात्र भरपूर आहे.

पहिली जर्सी मराठा वॉरियर्सची. खडकीत वाढलेला, चार ऑलिंपिक खेळलेला धनराज पिल्ले या संघात होता. नाव असं की ऐकूनच मूठ वळावी. चषक नाही. २००८ साली भारतीय पुरुष संघ इतिहासात पहिल्यांदा ऑलिंपिकला मुकला, जुन्या महासंघावर कारवाई झाली आणि प्रीमियर लीगही गुंडाळली गेली. मग जुना महासंघ आणि नवी हॉकी इंडिया यांच्यात खरा महासंघ कुणाचा यावरून भाऊबंदकी पेटली. आपल्याकडे वाटणीच्या खटल्यात विहीर पडून राहते, तिकडे उलटं झालं. दोघांनीही एकेक लीग खणली. जुन्या महासंघाने एका क्रीडा-विपणन कंपनीला हाताशी धरून २०१२ मध्ये वर्ल्ड सिरीज हॉकी काढली आणि महाराष्ट्राला एकदम दोन संघ मिळाले, मुंबई मरीन्स आणि पुणे स्ट्रायकर्स. पुणेकर अंतिम फेरीत पोचले. सामना मुंबईत, चर्चगेटजवळच्या महिंद्र स्टेडियमवर. पंजाबने त्यांना ५-२ असं धुतलं. ती लीग पुन्हा भरलीच नाही, त्यामुळे पुणे स्ट्रायकर्सना आजही तांत्रिकदृष्ट्या विद्यमान उपविजेते म्हणता येईल. पुण्यात या गोष्टीचा पुरेसा अभिमान बाळगला जात नाही, याचं मला नवल वाटतं.

२०१३ साली हॉकी इंडियाची लीग आली आणि मुंबई मॅजिशियन्स आले. प्रशिक्षक म्हणून साक्षात रिक चार्ल्सवर्थ, जे तेव्हा ऑस्ट्रेलियाला घडवत होते. पाच संघांत मुंबई पाचवी. २०१५ ला मॅजिशियन्स जाऊन ‘दबंग मुंबई’ आले. याच मालकांचा कबड्डीत ‘दबंग दिल्ली’ होता, म्हणजे दुकान एक आणि शाखा दोन. दबंगांनी २०१७ ला अंतिम फेरी गाठली आणि कलिंग लान्सर्सकडून ४-१ असे हरले. त्यानंतर लीगच सात वर्षं झोपली.

आमच्या ओळखीत एक सेवानिवृत्त गृहस्थ आहेत. एकेकाळी ऑफिसच्या संघातून फुलबॅक खेळलेले. या सगळ्या संघांच्या जर्सी त्यांनी इमानाने विकत घेतल्या. परवा त्यांनी ट्रंक उघडून दाखवली. डांबराच्या गोळ्यांच्या वासात पाच घड्या. एकीच्या पाठीवरचा सात नंबर अर्धा उकलून एकच्या आकड्यासारखा दिसत होता, दुसरीच्या छातीवरचं प्रायोजकाचं नाव इस्त्रीला चिकटून गेलेलं आणि तिथे फक्त गोंदाचा चौकोन राहिलेला. मी म्हटलं, “काका, जुने कपडे घरात कशाला ठेवता? पोतेरं करा.” ते म्हणाले, “करून पाहिलं. पॉलिस्टर आहे, पाणी शोषत नाही.” एक जर्सी त्यांनी मोलकरणीच्या मुलाला दिली होती. पोराने विचारलं, हा संघ कुठला? काकांनी सांगितलं. पोराने मोबाइलवर शोधलं आणि दुसऱ्या दिवशी जर्सी परत आणून दिली.

२०२४ च्या डिसेंबरात लीग पुन्हा उठली. पुरुषांचे आठ संघ आणि पहिल्यांदाच महिलांचे चार. काकांनी वहीत जागा करून ठेवली होती. यादीत हैदराबाद, दिल्ली, तमिळनाडू, बंगाल, उत्तर प्रदेश, कलिंग, पंजाब-हरियाणाचा सूरमा, शिवाय ‘टीम गोनासिका’. गोनासिका हे ओडिशातल्या वैतरणी नदीच्या उगमाचं ठिकाण आणि संघ विशाखापट्टणमचा. मुंबई नाही, पुणे नाही, नागपूर नाही. कपडे बदलायचं महाराष्ट्राचं व्यसन सुटलं ते असं.

बरं, संघ असता तरी तो इथे खेळला असता असं नाही. त्या हंगामात सगळे सामने राउरकेला आणि रांची या दोनच शहरांत झाले. हैदराबादचं तुफान राउरकेलात आलं, तमिळनाडूचे ड्रॅगन राउरकेलात, दिल्लीकरही तिथेच. घरचं मैदान ही कल्पनाच निकालात निघाल्याने पाहुणा कोण आणि यजमान कोण ते फक्त जर्सीवरून कळायचं. २००५ साली पहिली प्रीमियर लीग अशीच सगळी हैदराबादच्या गचिबावलीत उरकली होती. परंपरा म्हणतात ती हीच.

मुंबई नव्हती, पण महाराष्ट्र मात्र होता आणि तो चषकाच्या अगदी जवळ होता. २६ जानेवारी २०२५ रोजी रांचीत महिलांच्या पहिल्या लीगचा अंतिम सामना झाला. ओडिशा वॉरियर्सने सूरमाला २-१ असं हरवलं, आणि ओडिशाचे दोन्ही गोल केले ते सातारा जिल्ह्याच्या ऋतुजा पिसाळने. वीस वर्षं पाच नावांच्या जर्सी घालून महाराष्ट्राच्या संघांना जे जमलं नाही, ते साताऱ्याच्या एका मुलीने ओडिशाची जर्सी घालून एका संध्याकाळी केलं. आता पुढचं ऐका. दुसरा हंगाम आला तेव्हा ओडिशा वॉरियर्स हा संघच नव्हता. त्याच्या जागी रांची रॉयल्स. पुरुषांतही गोनासिकाच्या जागी तेच. महिला लीगच्या इतिहासातला पहिला विजेता पद राखायला आलाच नाही. पुरुषांना ही परंपरा रुजवायला काही वर्षं लागली होती, बायकांनी ती पहिल्याच वर्षी आत्मसात केली. स्त्रिया कुठेही मागे नाहीत.

त्याच दुसऱ्या हंगामात उत्तर प्रदेशच्या मालकांनी अंग काढून घेतलं. खेळाडू तर लिलावात घेतलेले. तेव्हा लीगच्या गव्हर्निंग काउन्सिलनेच तो संघ चालवायला घेतला आणि गुणतक्त्यात संघाचं नाव झळकलं ‘एचआयएल जीसी’. म्हणजे नियामक समिती स्वतःच मैदानात! इतकी वर्षं नावांसाठी सिंह, वाघ, गेंडे, चित्ते धुंडाळले, पण या देशातल्या सगळ्यात ताकदवान प्राण्याचं, म्हणजे समितीचं, नाव कुणाला सुचलं नव्हतं. मला हे नाव मनापासून आवडलं. शंभर टक्के प्रामाणिक नाव आहे. प्रेक्षकांनी गॅलरीतून “चल रे काउन्सिल!” असं ओरडायचं की “ठराव मंजूर!” असं, एवढाच प्रश्न उरतो.

कपड्यांसारखे नियमही बदलून पाहिले. प्रीमियर लीगने सत्तर मिनिटांचे चार तुकडे केले तेव्हा जुन्या मंडळींनी नाकं मुरडली, पुढे २०१४ मध्ये जागतिक महासंघानेच चार डावांची पद्धत उचलली. हे श्रेय द्यायला हवं. २०१६ मध्ये हॉकी इंडिया लीगने आणखी एक चमत्कार केला. मैदानी गोल एक मारा, फळ्यावर दोन दिसतील. त्या वर्षी पंजाबने अंतिम सामना ६-१ असा जिंकला. हा आकडा वाचून कलिंगची किती धूळधाण झाली असेल असं वाटतं, पण दुकानात दुप्पट भाव लावून अर्ध्यावर सवलत देतात त्यातलाच तो प्रकार होता.

या सगळ्यात एकच नाव टिकलं, कलिंग लान्सर्स. २०१४ साली आले, २०१७ ला जिंकले आणि झोपलेली लीग उठली तेव्हा तेच नाव घेऊन हजर झाले, पुढे वेदान्त हे मालकाचं नाव चिकटवून. कारण साधं आहे. या संघामागे सुरुवातीला ओडिशा सरकारचं महामंडळ आणि महानदी कोलफील्ड्स होती. २०१८ पासून भारतीय संघाच्या जर्सीवरही ओडिशाच आहे. टोकियो आणि पॅरिसला जी कांस्यपदकं आली ती याच काळात. एका राज्याने ठरवलं आणि पैसे ओतत राहिलं, एवढीच जादू. बाकीच्यांनी दोन हंगामांत नफा शोधला आणि सापडला नाही तेव्हा बोधचिन्ह उचलून घरी गेले.

पैसेवाला मालक मिळूनही माणूस धीर धरू शकतो, याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. पुणेरी पलटण प्रो कबड्डीच्या पहिल्या हंगामापासून, म्हणजे २०१४ पासून, त्याच नावाने खेळते आहे. मधे बरीच वर्षं लोकांनी चेष्टा केली. पलटणीने नाव बदललं नाही, गेंडा मागवला नाही, जादूगार आणला नाही. २०२४ च्या मार्चमध्ये, दहाव्या हंगामात, हरियाणाला २८-२५ असं हरवून चषक पुण्यात आणला. आज पुण्यात पोरं ती केशरी जर्सी घालून फिरतात. पाच वर्षांपूर्वी घेतलेली असली तरी चालते.

आणि पूर्वी तरी काय होतं? मुंबईत हॉकी खेळली ती ऑफिसांनी. रेल्वे, तेल कंपन्या, विमान कंपन्या, बँका. जर्सीवर कंपनीचं नाव असायचं आणि आत पगार. खेळाडू तेच कपडे घालून वीस वर्षं खेळायचा, कारण ते बदलायचे तर नोकरी बदलावी लागली असती. १९५५ पासूनच्या बॉम्बे गोल्ड कपमध्ये लोक संघाला ‘आपला’ म्हणायचे ते बोधचिन्ह बघून नव्हे, त्यातला राइट-इन आपल्या चाळीत राहतो म्हणून. लीगमध्ये मात्र मरीन लाइन्सजवळच्या वस्तीत वाढलेला युवराज वाल्मीकी दिल्लीच्या जर्सीत गोल करत होता, आणि मुंबईच्या संघाचा कणा परदेशी होता. लिलावात हे होणारच, तक्रार नाही. फक्त मग त्या संघाला ‘मुंबई’ का म्हणायचं, एवढं मालकांनी सांगावं.

तर उद्या महाराष्ट्राच्या नावाने हॉकीचा सहावा संघ काढायचं ज्या कुणा उद्योगपतींच्या मनात असेल, त्यांना या सदराची हात जोडून विनंती. नाव साधं ठेवा, कपडे एकदाच शिवा, ऋतुजाला परत आणता आलं तर आणा, आणि दहा हंगामांचे पैसे आधी बँकेत ठेवून मग पत्रकार परिषद घ्या. तेवढी ऐपत नसेल तर संघ काढू नका. काकांच्या ट्रंकेत आता जागा नाही.