ग्राउंडचे मामा

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की डोंबिवलीत मानपाडा रोडवरच्या चहाच्या टपऱ्यांवर एकेक मामा उगवतो. वय पन्नाशीपुढचं, पट्टा शेवटच्या भोकात, पायांत धावायचे बूट. ते बूट धावताना कुणी पाहिलेले नाहीत. स्वतः कधी भरतीला उतरला होतात का, असं मामांना विचारायचं नसतं. विचारलंच तर "आमच्या वेळी वेगळं होतं" एवढं म्हणून ते चहाला बशी मागतात.

पोरं पहाटे सावळाराम महाराज क्रीडासंकुलात घाम गाळतात, मामांचं ग्राउंड टपरीवर. गुण त्यांना तोंडपाठ: सोळाशे मीटरला २०, शंभर मीटरला १५, गोळ्याला १५. सोळाशे ५ मिनिटं १० सेकंदांत मारले की वीसपैकी वीस. फक्त त्यांच्या मते हे गुण पायांना नसतात, पोटाला असतात. म्हणून समोर पोरगं दिसलं की "काय खाल्लंस?" हाच त्यांचा रामराम.

मग भिजवलेले चणे, त्यांवर दोन कच्ची अंडी, अंड्यांवर दूध, दुधावर खजूर आणि निघताना बिटाचा रस. पुरुषांचा गोळा ७.२६० किलोचा असतो. मामांची न्याहारी त्याच्या आसपास भरते. "एवढं खाल्लं की घोडा पळतो बघ!" घोडा चणे खातो, कच्ची अंडी नाही, पण मामांना सांगणार कोण?

खरं तर पाच-सहा मिनिटं पळायला लागणारं इंधन आदल्या दिवशीच्या वरण-भातातून, पोळीतून स्नायूंत आधीच साठलेलं असतं. पहाटे पोट भरलंय किती, यापेक्षा ते हलकं झालंय किती, हे बघायचं. चण्यातला चोथा आणि दुधातली साय पोटातून सावकाश पुढे सरकतात. धाव सुरू झाली की रक्त पायांकडे वळतं, पचन मागे पडतं, मळमळतं, बरगडीखाली कळ येते. म्हणून खाणं दोन-तीन तास आधी, मग लागलंच तर एखादं पिकलं केळं, घोटघोट पाणी. आणि त्या दिवशी नवं काही चाखायचं नाही. संपलं. पण एवढ्यावर मामांचा अर्धा कपसुद्धा संपत नाही.

मात्र मामांना अगदीच मोडीत काढता येत नाही. दोन तास आधी म्हणजे नेमकं कशाच्या आधी? ठाण्याला साकेत मैदानावर जायचं म्हणून पोरगं पहिली लोकल पकडतं. तिथे रांग, कागदपत्रं, उंची, छाती, ती फुगवून ५ सेंटीमीटर वाढते का ते, मग चेस्ट नंबर. नंबर सातला लागेल की अकराला, देव जाणे. आहारशास्त्र इथे हात टेकतं. मामा टेकत नाहीत; निघताना पोराच्या खिशात दोन केळी कोंबतात. माझ्या मते त्यांच्या सगळ्या भांडारात कामाची वस्तू तीच. आणि हो, ताकदीचं इंजेक्शन मिळवून देतो म्हणणारा कुणी टपरीवर आला, तर बशी खाली ठेवून मामा चप्पल शोधू लागतात. पायांत बूट आहेत हे त्यांच्या उशिरा लक्षात येतं, तोवर तो पसार झालेला असतो.

निकालानंतरचा हिशेब सोपा. पोरगं निवडलं गेलं तर केळ्यामुळे, राहिलं तर "केळं कच्चं असणार."

मामांची सख्खी भाचीही यंदा ग्राउंडला गेली. मुलींना ८०० मीटर आणि ४ किलोचा गोळा. तिने रात्री आमटी-भात खाल्ला, पहाटे अर्धी पोळी गुळाबरोबर, आणि पळून मोकळी झाली. महिनाभर मामांनी घरी पोहोचवलेला बिटाचा रस ती रोज गॅलरीतल्या तुळशीला घालत होती. तिची निवड झाली तेव्हा मामांनी सगळ्या टपरीला पेढे वाटले आणि बिटाचं प्रमाण दुप्पट केलं. तुळसही तरारली. तिचं श्रेय मात्र ते शेणखताला देतात.