पाच टक्के तूटफूट

मुंबईच्या उपनगरांतील गृहनिर्माण संस्थांत अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार यांच्याखेरीज एक चौथे, कोणत्याही उपविधीत नसलेले पद असते व त्यावर विटांचा अंदाज सांगणारे काका तहहयात विराजमान असतात. मुलुंड असो वा बोरिवली, कोठे नवी भिंत उठू लागली की ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ हात मागे बांधून तिच्यासमोर उभे राहतात आणि कोणी विचारण्यापूर्वीच आकडा सांगून मोकळे होतात. त्यांचे शास्त्र बिनचूक आहे, हे मान्य करावे लागते. 19 × 9 × 9 सेंटिमीटरची प्रमाणित वीट सांध्यातील मालासह, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणासह, 20 × 10 × 10 ची जागा व्यापते. म्हणून घनमीटरला 500 विटा धरतात, दारे-खिडक्यांचे घनफळ वजा करतात आणि तूटफुटीसाठी 5 टक्के वाढवतात.

उपद्रव सुरू होतो तो या 5 टक्क्यांपासून. पुतणीच्या लग्नात 400 पाने ठरली असता काकांनी आचाऱ्याला 420 सांगितली. गणपतीच्या 21 मोदकांवर एक मोदक आणि वर चिमूटभर सारण जास्त हवे, असा त्यांचा दरवर्षीचा आग्रह असतो. आणि शोकसभेच्या खुर्च्या मागवतानाही ते तूटफूट धरतात. शोकाकुलांत तूटफूट कशी होते, हे विचारण्याचे धैर्य अद्याप कोणी दाखविलेले नाही.

तरीही एक नोंद, नाइलाजाने का होईना, करणे भाग आहे. तळमजल्यावरच्या एकट्या आजींच्या स्वयंपाकघरातील 8 चौरस मीटरच्या अर्ध्या विटेच्या, म्हणजे 10 सेंटिमीटर जाडीच्या, आडभिंतीसाठी ठेकेदाराने 700 विटांचे पैसे मागितले, तेव्हा हेच काका दारात स्टूल टाकून बसले, घमेल्यातून आत जाणारी प्रत्येक वीट त्यांनी मोजली आणि 420 विटांचेच पैसे आजींना देऊ दिले.

पुनर्विकासाच्या सभेत त्यांनी विचारले, “विटा किती?” विकासकाच्या तरुण अभियंत्याने सांगितले की इमारत मिवान पद्धतीची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंती आणि स्लॅब एकत्रच काँक्रीटने ओतण्याची आहे. “शून्य, काका.” शून्यात 5 टक्के मिळवूनही शून्यच उरते, हा हिशेब काका मनाशी तपासत असतानाच सभेने पुढचा विषय, म्हणजे प्रत्येकाला मिळणारे चटईक्षेत्र, आकडा न पडताळता टाळ्यांच्या गजरात मंजूर केला.